गव्हावरील तांबेरा व जनुकांच्या खुणा

गव्हाच्या पिकास ग्रासणाऱ्या रोगांत तांबेऱ्याचे स्थान पहिले आहे. काळा, नारिंगी व पिवळा असे त्याचे तीन प्रकार आहेत. पिवळा तांबेरा थंड हवेचा असल्याने त्याचा उपद्रव पंजाब, हरियाणा व हिमालयाच्या पायथ्याकडील मुलखात होतो. महाराष्ट्रातील गव्हास खरे भय आहे ते काळ्या व नारिंगी तांबेऱ्याचे. त्यांतही काळा तांबेरा अधिक घातक होय. पीक निसवून दाणे भरू लागतात त्या सुमारास तो खोडावर येतो, खोडाची साल फाडतो व अन्नरसाचा मार्ग खुंटवितो. अशा वेळी शेत दुरून भरघोस दिसले तरी मळणीत हाती येतो तो सुरकुतलेला, वजनास हलका दाणा. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात या रोगाने जो कहर केला, त्याची आठवण जुन्या शेतकरी कुटुंबांतून पुढे कित्येक वर्षे सांगितली जात असे.

हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू वाऱ्यावर शेकडो कोस प्रवास करतात. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात ते टिकत नाहीत, डोंगराळ थंड भागात मात्र टिकून राहतात, हे आग्रा येथील प्रा. के. सी. मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी व पलनीच्या डोंगरांत वर्षभर तग धरतात व तेथून वाऱ्याबरोबर मध्य भारताकडे येतात, असे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. म्हणजे निफाडच्या शेतकऱ्याने आपले शेत कितीही स्वच्छ ठेवले तरी रोगाचे बी त्याच्या बांधावरून नव्हे, तर आकाशातून उतरते. म्हणूनच तांबेऱ्यावर पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोगास दाद न देणारा वाण, हे सूत्र फार पूर्वीपासून मान्य झालेले आहे.

रोगप्रतिकारक वाण काढण्याच्या कामी देशोदेशींच्या बियाण्याची देवघेव ही काही आजची गोष्ट नाही. तत्कालीन मुंबई राज्यात निघालेल्या 'केनफाड' नावाच्या गव्हाच्या जाती जुन्या लोकांस ठाऊक असतील. केनिया देशातील तांबेरा-प्रतिकारक गहू व निफाडचा गहू यांच्या संकरातून त्या काढण्यात आल्या होत्या. त्यांच्या नावातच दोन्ही गावांचा पत्ता आहे. उलट दिशेनेही देणे झालेले आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत पिकणारा आपला खपली गहू तांबेऱ्यास सहसा बळी पडत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ई. सी. स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याचे निरनिराळे वंश ओळखण्यासाठी बारा गव्हांचा जो संच ठरविला, त्यात खपलीचा समावेश होता. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील वॉटरहाऊस यांनी खपलीशी संकर करून 'खपस्टीन' हा गहू तयार केला. खपलीतील या प्रतिकारशक्तीचे एक जनुक आज शास्त्रज्ञ 'एसआर १३' या नावाने ओळखतात. ज्या धान्याची आपल्याकडे केवळ खिरीसाठी व पुरणपोळीसाठी आठवण होते, त्याची ही बाजू ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जनुक म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाच्या द्रव्याचे लांब धागे असतात. त्या धाग्यांवर चार प्रकारचे घटक, जणू चार अक्षरे, एकापुढे एक मांडलेली असतात. या अक्षरांचा विशिष्ट तुकडा एखाद्या गुणास कारण होतो. त्यास जनुक म्हणतात. दाण्याचा रंग, ताटाची उंची, तांबेऱ्यास होणारा विरोध हे सर्व गुण अशा जनुकांच्या द्वारे पिढ्यान् पिढ्या चालत येतात. काळ्या तांबेऱ्याच्या प्रतिकाराच्या जनुकांना 'एसआर', नारिंगीच्या जनुकांना 'एलआर' व पिवळ्याच्या जनुकांना 'वायआर' अशी अक्षरे व पुढे क्रमांक देण्याचा प्रघात आहे.

युगांडातून आलेला इशारा

यांपैकी 'एसआर ३१' हे जनुक राय नावाच्या धान्यातून गव्हात आले. ते इतके बलवान ठरले की विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जगभरच्या पैदासकारांनी त्याचा मुक्तहस्ते वापर केला. १९९५ साली प्रसारित झालेला व पंजाब-हरियाणात लाखो हेक्टरांवर पसरलेला पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण याच जनुकावर विसंबून होता. काळा तांबेरा हा आता इतिहासजमा झाला, असे अनेकांस वाटू लागले.

१९९८ साली पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात 'एसआर ३१' असलेल्या गव्हावरच काळा तांबेरा दिसून आला. १९९९ मध्ये त्याची ओळख निश्चित झाली म्हणून त्यास 'युजी ९९' हे नाव पडले. हा वंश केनिया व इथिओपिया येथे पोहोचला, २००६ मध्ये सुदान व येमेन येथे आणि २००७ मध्ये इराणात आढळला. जगातील गव्हाच्या बहुसंख्य वाणांना तो घातक असल्याचे चाचण्यांवरून ठरले. तेव्हा वयाची नव्वदी ओलांडलेले नॉर्मन बोरलॉग यांनी या प्रश्नी पुढाकार घेतला. २००५ मध्ये नैरोबी येथे शास्त्रज्ञांची परिषद भरली, मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्र, म्हणजेच सिमिट, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ, भारतीय कृषि अनुसंधान परिषद व अन्य संस्था एकत्र आल्या, आणि २००८ च्या नोव्हेंबरात नवी दिल्ली येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. हे कार्य पुढे बोरलॉग यांच्याच नावाने चालू राहिले.

येथे एक मोठी अडचण उभी राहिली. आपल्या देशात जो वंश नाही त्याविरुद्ध वाण निवडावयाचा कसा? एरवी पैदासकार संकराची हजारो रोपे शेतात लावतो, त्यांवर मुद्दाम रोग सोडतो व जी तगतील ती ठेवतो. परंतु युजी ९९ ही बुरशी परीक्षेसाठी देशात आणणे म्हणजे उंदीर मारण्यासाठी घरात साप सोडण्यासारखे होते. या अडचणीवर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग असा की, बियाणेच रोगाच्या घरी पाठवावे. केनियातील न्जोरो येथील संशोधन केंद्रावर अनेक देशांचे गहू एकाच शेतात पेरून, वर्षातून दोन हंगाम, त्यांची परीक्षा होऊ लागली. दर हंगामात हजारो नमुने तेथे पेरले जात. त्यांत भारताचेही असत. बन्सीच्या वर्गातील गव्हाची अशीच परीक्षा इथिओपियातील डेब्रे झेत येथे होत असे. दुसरा मार्ग जनुकांच्या खुणांचा. प्रस्तुत लेखाचा तोच मुख्य विषय आहे.

खूण म्हणजे काय

खुणेवरून गुण ओळखणे शेतकऱ्यास नवे नाही. वळूची निवड करताना जाणकार मनुष्य शिंग, वशिंड व खूर पाहून बैलाच्या कामाचा अंदाज बांधतो. गव्हातही अशी डोळ्यांस दिसणारी खूण आहे. 'एसआर २' हे जनुक रशियातील यारोस्लाव नावाच्या खपली गव्हातून अमेरिकेतील ई. एस. मॅकफॅडन यांनी रोटीच्या गव्हात आणले. ते रोगास संपूर्ण थोपवीत नाही, परंतु त्याची वाढ मंद करते व शंभर वर्षे होत आली तरी निकामी झालेले नाही. या जनुकाच्या झाडांत ओंबीच्या तुसांवर व पेऱ्यांलगत काळसर छटा येते. ही छटा पाहून जुने पैदासकार झाड निवडीत. मात्र ती हवामानाप्रमाणे कमीअधिक होते, कधी दिसतच नाही. आणि स्वतः जनुकाचा परिणामही रोपावस्थेत न दिसता झाड मोठे झाल्यावरच कळतो.

डोळ्यांना न दिसणारी, पण हवामानाने न बदलणारी खूण डीएनएमध्ये असते. इष्ट जनुकाच्या अगदी शेजारी, किंवा खुद्द जनुकाच्या आत, अक्षरांचा असा एखादा तुकडा सापडतो की जो हे जनुक असलेल्या झाडांत एका प्रकारचा व नसलेल्या झाडांत दुसऱ्या प्रकारचा असतो. शेजारी असलेले तुकडे बहुधा एकत्रच पुढील पिढीत जातात. म्हणून तुकडा दिसला की जनुकही आले असे समजता येते. उदाहरण म्हणून 'एलआर ३४' घेता येईल. ब्राझीलच्या फ्रोन्टाना या वाणातून मेक्सिकोच्या गव्हांत व तेथून देशोदेशी पसरलेले हे जनुक नारिंगी, पिवळा व काळा अशा तिन्ही तांबेऱ्यांचा वेग कमी करते. त्याच्या शेजारची खूण २००६ साली प्रसिद्ध झाली. जनुक असलेल्या झाडात हा तुकडा १५० अक्षरांचा असतो, नसलेल्या झाडात २२९ अक्षरांचा; मधली ७९ अक्षरे गळालेली असतात. एवढ्या फरकावरून निवड होते. पुढे २००९ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया व मेक्सिको येथील शास्त्रज्ञांनी मिळून प्रत्यक्ष जनुकच हुडकून काढले.

प्रयोगशाळेतील रीत पुढीलप्रमाणे असते. रोप दोन-तीन पानांवर असताना नखाएवढा पानाचा तुकडा कापून घेतात. त्यातून डीएनए वेगळे काढतात. मग ठरावीक तुकड्याच्या दोन्ही टोकांशी जुळणारे लहान तुकडे त्यात टाकून यंत्रात ते आलटून पालटून तापवितात व थंड करतात. प्रत्येक फेरीत हव्या त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक. या प्रती विजेच्या प्रवाहाखाली खळीसारख्या घट्ट पदार्थातून सरकविल्या असता आखूड तुकडे पुढे जातात, लांब मागे राहतात, आणि रंग दिल्यावर पट्टे दिसतात. अलीकडे पट्टे न पाहता चमकणाऱ्या रंगांवरूनच यंत्र उत्तर देते. पान कापल्याने रोपास अपाय होत नाही. नको असलेली रोपे फुलोऱ्यापूर्वीच काढून टाकता येतात व निवडलेल्यांचा त्याच हंगामात पुढील संकर करता येतो.

याचा खरा लाभ अनेक जनुके एकत्र आणताना होतो. एखाद्या झाडात बलवान जनुक असले की त्यावर रोग येतच नाही. मग त्याच झाडात दुसरे, तिसरे जनुक आहे किंवा नाही हे शेतात पाहून कळणे अशक्य होते. पहिल्याने दुसऱ्यास झाकलेले असते. खुणेने मात्र प्रत्येक जनुकाची हजेरी स्वतंत्रपणे घेता येते. चार जनुके असलेल्या संकराचा मूळ वाणाशी पुन्हा संकर केला, तर प्रत्येक जनुक निम्म्या रोपांत जाते. चारही एकत्र येण्याचा योग सोळांत एक, म्हणजे शंभर रोपांत सुमारे सहा. ही सहा रोपे डोळ्यांनी कोण निवडणार? तसेच अशा प्रत्येक संकरागणिक मूळ वाणाचा अंश निम्म्यापासून पाऊण, साडेसत्याऐंशी टक्के असा वाढत जातो. मूळ वाणाच्या खुणाही सोबत तपासल्या तर सरासरीपेक्षा अधिक अंश असलेली रोपे निवडता येतात व दोन-तीन पिढ्यांची बचत होते.

हे सर्व साध्या संकरानेच घडते. गव्हात बाहेरचे जनुक सुईने टोचले जात नाही. खूण ही केवळ वाचण्यासाठी असते. याविषयी शेतकऱ्यांत गैरसमज असल्यास कार्यकर्त्यांनी तो दूर करावा.

एका देशाच्या आवाक्याबाहेरचे काम

गव्हाचा डीएनए फार मोठा आहे. त्यात सुमारे १६०० कोटी अक्षरे आहेत, म्हणजे मनुष्याच्या पाचपट. शिवाय तीन गवतांच्या मिलाफातून हा गहू उत्पन्न झाल्याने बहुतेक प्रत्येक मजकूर थोड्या फरकाने तीनदा लिहिलेला आढळतो. त्याच्या वाचनासाठी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला व गुणसूत्रे देशादेशांत वाटून घेण्यात आली. भारताच्या वाट्यास '२ अ' हे गुणसूत्र आले. लुधियानाचे पंजाब कृषि विद्यापीठ, नवी दिल्लीचे वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र व दिल्ली विद्यापीठ यांनी ते काम केले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये संपूर्ण वाचन प्रसिद्ध झाले. त्यात २० देशांतील दोनशेंहून अधिक शास्त्रज्ञांचा सहभाग होता. खपलीतील 'एसआर १३' हे जनुकही २०१७ मध्ये अमेरिकेत नेमके ओळखले गेले, आणि बन्सी गव्हात ते आहे की नाही हे आता खात्रीने सांगता येते.

या ज्ञानाचे फळ भारतातील शेतापर्यंत आलेले आहे. वर उल्लेखिलेला पीबीडब्ल्यू ३४३ पुढे पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या वंशांपुढे टिकला नाही. पंजाब कृषि विद्यापीठाने खुणांच्या साहाय्याने त्यात रानटी गवतांतून आलेली प्रतिकारक जनुके आणली व २०१७ मध्ये 'उन्नत पीबीडब्ल्यू ३४३' हा वाण दिला. हा वाण उत्तरेकडील हवामानाचा आहे; महाराष्ट्रात त्याचे बियाणे मागविण्याचा मोह कोणी धरू नये.

खूण म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. खूण जनुकाची हजेरी सांगते, उत्पन्न सांगत नाही. खूण जनुकापासून दूर असेल तर कधीकधी दोघांची फारकत होते व निवड चुकते. म्हणून शेवटचा निवाडा शेतातील चाचणीतच होतो. आणि एकाच जनुकावर भिस्त ठेवली तर खुणेने निवडलेला वाणही पडतो. केनियात 'एसआर २४' या जनुकावर विसंबलेला म्वाम्बा वाण २००७ मध्ये युजी ९९ च्याच बदललेल्या रूपाने ग्रासला. इथिओपियातील डिगालू वाण युजी ९९ ला दाद देत नसे. तरीही २०१३-१४ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या एका अगदी वेगळ्याच वंशाने त्याची दहा हजारांहून अधिक हेक्टरांवर नासाडी केली, काही शेतांत तर कापणीजोगे काहीच उरले नाही. तेथील लहान शेतकऱ्याच्या घरी त्या वर्षी काय शिजले असेल, याची कल्पना कोरडवाहू मुलखातील माणसास सहज येईल.

गावपातळीवर करावयाचे काम

बुरशी रूप पालटते हे प्रयोगशाळेत नव्हे, तर प्रथम शेतात कळते. म्हणून या साखळीत ग्राम कार्यकर्त्याचे व शेतकऱ्याचे स्थान फार महत्त्वाचे आहे. लोक-१ सारखा जुना व तांबेऱ्यास बळी पडणारा वाण घरचे बी म्हणून वर्षानुवर्षे पेरण्याची सवय मोडावयास हवी; कृषि विद्यापीठाने आपल्या विभागासाठी शिफारस केलेल्या प्रतिकारक वाणाचे प्रमाणित बियाणे घ्यावे, व गावात सर्वांनी एकच वाण न पेरता दोन-तीन वाण ठेवावे. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी, कारण उशिराच्या पिकावर तांबेरा अधिक येतो.

डिसेंबरपासून पिकाची आठवड्यातून एकदा पाहणी करावी. नारिंगी तांबेऱ्याच्या पुळ्या लहान, गोलसर व पानाच्या वरच्या बाजूस विखुरलेल्या असतात. काळ्या तांबेऱ्याच्या पुळ्या लांबट असून खोडावर, पानांच्या देठाकडील आवरणावर व ओंबीवर येतात. त्यांच्या कडेची साल फाटलेली दिसते, रंग आधी विटकरी व पुढे काळा होतो. शंका आल्यास बोटाने घासून पाहावे. तांबेऱ्याची भुकटी बोटास लागते. 'एसआर २' ची काळी छटा घासल्याने निघत नाही, आणि 'एलआर ३४' असलेल्या वाणांत पानांची टोके वाळतात, तीही रोगाची लक्षणे नव्हेत. अशा झाडांवर औषध मारणे हा व्यर्थ खर्च होय. रोगच असल्यास प्रोपिकोनॅझोल एक लिटर पाण्यास एक मिलिलिटर या प्रमाणात, पहिल्या पुळ्या दिसताच फवारावे.

फवारणीपूर्वी मात्र नमुना घेण्यास विसरू नये, विशेषतः प्रतिकारक म्हणून शिफारस असलेल्या वाणावर रोग आला असेल तेव्हा. ताज्या पुळ्या असलेली पाच-सहा पाने किंवा खोडाचे बोटभर तुकडे घेऊन सावलीत सुकवावे व कागदी पाकिटात ठेवावे. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये. तीत ओल धरून नमुना कुजतो. पाकिटावर गाव, तालुका, वाणाचे नाव, पेरणीची व नमुना घेतल्याची तारीख आणि अंदाजे किती शेतावर रोग आहे हे पेन्सिलीने लिहावे. एका पाकिटात एकाच शेतातील नमुना घालावा आणि तो तालुका कृषि कार्यालयामार्फत महाबळेश्वर येथील गव्हावरील तांबेरा संशोधन केंद्राकडे विनाविलंब पाठवावा.